आत्याची ओढणी, आईचे चिमटे

जरा डोळे मिटा पाहू. मिटलेत? एकाने फट ठेवली आहे, मला ठाऊक आहे. असू दे, फटीतूनही दिसेल.

आता डोळ्यांसमोर एक खिडकी आणा. खिडकीशी उंच पाठीची लाकडी खुर्ची. खुर्चीत एक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात क्रोशाची सुई. ही सुई शिवणाच्या सुईसारखी नसते बरं का. पेन्सिलीएवढी लांब असते आणि टोकाशी गळासारखी वळलेली. ती दोरा पकडते, एका फासातून ओढून काढते, की नवा फास तयार. मग त्यातून पुन्हा ओढायचं. फासाला फास जोडत जोडत बोटभर जाळी व्हायला अर्धा तास जातो. मग दीड हात रुंद आणि हातभर लांब जाळीला किती वेळ लागेल? बोटं मोडत बसू नका, मी सांगतो. सहा महिने.

ही बाई म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मुलीची आत्या. दिवसभर ती कपड्यांच्या दुकानासाठी लेसच्या कॉलरी करायची आणि काम आटोपलं की ही जाळी हातात घ्यायची. जाळी कशासाठी? डोक्यावर घ्यायला. त्यांच्या चर्चमध्ये काही बायका रविवारच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, डोक्यावर अशी जाळीची ओढणी घेऊन येत. मुलींची पांढरी, मोठ्यांची बहुतेक काळी. काही बायका अजिबात घेत नसत. आत्या घ्यायची. आई घेत नसे. आणि दोघींच्या मधोमध, बाकावर, आपली मुलगी बसायची. दोन घरांमध्ये सामाईक भिंत असते ना, तशी.

मुलगी साडेआठ वर्षांची. तिला फार सुंदर नाव ठेवलं होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाकच मारली नाही. सगळे म्हणत वकीलबाई. "झोप आता" म्हटलं तर "कोणत्या कारणाने?" असं विचारणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

तर पुढच्या रविवारी वकीलबाईचं पहिलं कम्युनियन होतं. वेदीपुढे जायचं आणि फादरच्या हातून पवित्र भाकर पहिल्यांदाच घ्यायची, असा तो दिवस. आत्याची सहा महिन्यांची जाळी त्याच दिवसासाठी होती. फक्त काठाची शेवटची ओळ राहिली होती.

सोमवारी वकीलबाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. हात पाठीमागे.

"आत्या, मी ही डोक्यावर का घ्यायची?"

"का म्हणजे? माझ्या आईने घेतली, तिच्या आईने घेतली, तिच्या आईच्या आईने घेतली."

"हे कारण नाही झालं. ही तर यादी झाली."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "अगं, सहा महिने मान मोडून विणतेय मी!"

"ती मेहनत झाली. कारण नाही."

आतून आईचा आवाज आला, "ताई, तुमच्या दादाचीच मुलगी हो. मी तिला काही शिकवलं नाही!"

"दादा कसला, माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे तो," आत्या म्हणाली. "आणि तो बिचारा तोंड उघडतो कधी?"

वकीलबाईचे बाबा बस चालवत. घरात या दोघी एकमेकींशी बोलू लागल्या की त्यांना हटकून बसच्या टायरमधली हवा आठवायची. आत्ताही आठवली. ते चपला घालून निघाले.

वकीलबाई आईकडे गेली. आई इस्पितळात नर्स होती. रात्रपाळी करून आली होती आणि पाय बादलीतल्या कोमट पाण्यात सोडून बसली होती.

"आई, तू का नाही घेत?"

"माझ्या डोक्यावर बारा तास टोपी असते, बाळ. टोपी असली की मी कामावर. कोण हाक मारतंय, कुणाला औषध द्यायचंय, सगळं लक्ष तिकडे. देवासमोर तरी मला कामावर नसलेली बसू दे."

वकीलबाईला हे पटलं. अडचण एवढीच होती की हे आईचं कारण होतं, तिचं स्वतःचं नव्हतं. तिच्या डोक्यावर टोपी कुठे होती?

तेव्हा तिने स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं, "शनिवार दुपारपर्यंत मला कारण मिळालं तर मी ओढणी घेईन. नाही मिळालं तर घेणार नाही. कुणी रागवायचं नाही."

"मी रागवेन," आत्या खिडकीतून म्हणाली.

"मग रागव. पण बाकावर ये."

मुलांनो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वकीलबाई हट्टी नव्हती. हट्टी माणसाला उत्तर नको असतं. हिला हवं होतं.

मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत कम्युनियनचा वर्ग भरला. सगळ्या मुलांना शिकवणाऱ्या सिस्टर फळ्यावर रविवारी कोणी कुठे चालायचं त्याचे बाण काढत होत्या. भाकर घेतल्यावर पुढे थांबायचं नाही, आपापल्या घरच्यांच्या बाकावर जाऊन बसायचं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. वकीलबाईचा हात वर.

"सिस्टर, ओढणी का घेतात?"

"फार पूर्वी एका प्रेषिताने पत्र लिहिलं होतं, त्यात तसं आहे."

"आपल्याला लिहिलं होतं?"

"नाही. दूरच्या एका गावातल्या लोकांना."

"मग आपण दुसऱ्याचं पत्र का वाचतो? आई म्हणते ते वाईट असतं."

वर्ग खदखदून हसला. सिस्टरही हसल्या, पण खडू खाली ठेवून म्हणाल्या, "वकीलबाई, तुझा खटला माझ्या कोर्टात नाही चालायचा. वर जा."

वर म्हणजे फादरकडे. फादर बागेत गुलाबाच्या फांद्या छाटत होते. म्हातारे झाले होते, कानाने थोडे कमी. प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"पूर्वी नियम होता," फादर म्हणाले. "सगळ्या बायकांना घ्यावीच लागे. नसली कुणाजवळ तर रुमाल टाकायच्या डोक्यावर. आता तशी सक्ती नाही. जिला मनापासून वाटतं ती घेते."

"पण मला अजून काहीच वाटत नाही. न घेता कसं वाटेल?"

फादरनी कात्री मिटली. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण ते बाकड्यावर बसले. "असं कर. ज्या घेतात त्यांना 'का घेता' असं विचारू नकोस. 'का' विचारलं की माणसं आजीचं नाव सांगतात. घेतल्यावर काय होतं, ते विचार."

बघा हं, प्रश्न तोच, पण दार वेगळं.

बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वकीलबाई चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. पहिल्यांदा आली फुलवाली. काळ्या ओढणीची घडी करून ती पिशवीत ठेवत होती.

"मावशी, ही घेतल्यावर काय होतं?"

"माझं तोंड बंद होतं, पोरी. दिवसभर ओरडून फुलं विकते मी. ही डोक्यावर आली की मलाच कळतं, आता गप. माझ्या नवऱ्याला विचार, तो म्हणतो घरी पण घालत जा."

मग आली बसची कंडक्टर. बाबांच्याच बसवर असायची. "मला? मला बाजूचं दिसेनासं होतं. दिवसभर चेहरेच चेहरे, कुणी तिकीट काढलंय, कुणी नाही. इथे एक तास फक्त समोर बघते. डोळ्यांना सुट्टी."

शेवटी निवृत्त शाळामास्तरीण काठी टेकत आल्या. त्यांनी बराच विचार केला. "खरं सांगू? सुरुवातीची पाच वर्षं मला काहीच झालं नाही. नुसती खाज सुटायची."

"मग सोडली का नाहीत?"

"सहाव्या वर्षी खाज थांबली."

वकीलबाई घरी आली आणि रात्री जेवताना फारशी बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. वेणी मात्र ती सारखी खाजवत होती.

आणि इथे, बाळांनो, आपल्या गोष्टीत उवा शिरल्या.

गुरुवारी सकाळी शाळेतून निरोप आला: सगळ्या वर्गात उवा झाल्या आहेत, पालकांनी काळजी घ्यावी. आई नर्स. उवा म्हटल्यावर ती वेळ घालवत नाही. तिने वकीलबाईला न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, आणि कंबरेपर्यंतच्या दोन वेण्या कानापर्यंत कापल्या. वर औषध लावलं. बारीक दातांच्या फणीने तासभर विंचरलं. वकीलबाईने आरशात पाहिलं, मान हलवून पाहिली.

"हलकं वाटतंय," ती म्हणाली. तिला ते आवडलंसुद्धा.

आत्या दोन दिवस कॉलरींचा माल पोचवायला दुसऱ्या गावी गेली होती. काठाची शेवटची ओळ तिने तिथेच पुरी केली. शनिवारी दुपारी ती आली ती थेट ओढणीची घडी हातावर तोलत, जणू ताटात दूध भरलंय. ओढणीच्या मधोमध, आतल्या बाजूने, तिने एक छोटी फणी शिवली होती. अशा ओढण्यांना ती असतेच. फणीचे दात केसांच्या अंबाड्यात रुतवले की ओढणी जागची हलत नाही. आत्याने माप वकीलबाईच्या दोन वेण्या डोक्यावर मुकुटासारख्या गुंडाळून घेतलं होतं. सहा महिन्यांपूर्वी.

दारात वकीलबाई उभी होती.

आत्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं. पुढे आली, ओढणी उलगडली, हळूच डोक्यावर ठेवली, फणी केसांत दाबली. वकीलबाई श्वास रोखून उभी. ओढणी एक क्षण थांबली. मग सरकली, कानावर आली, खांद्यावर आली, आणि जमिनीवर पडली.

"मला विचारायचं तरी," आत्या म्हणाली.

आई चहाचा कप घेऊन आली होती. "ताई, उवा होत्या हो डोक्यात."

"सहा महिन्यांपूर्वी वेण्यांवर माप घेतलं. दोन दिवस थांबल्या नसत्या उवा?"

"त्यांना विचारायला हवं होतं. रविवारनंतर या म्हणून!"

"तुला घ्यायची नाही म्हणून तिलाही नको, असंच ना?"

"अहो काय बोलता! मी कधी अडवलं का? माझ्याच लेकीचं..."

बाबांना टायर आठवला. पण बस डेपोत होती, म्हणून ते नुसतेच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

आत्याने ओढणी उचलली. झटकली, घडी घातली. "मी उद्या पहाटेच्या मिस्सेला जाऊन येईन. तुमच्या सोहळ्याला माझी काही गरज नाही." एवढं बोलून ती खिडकीशी जाऊन बसली, पण सुई हातात घेतली नाही. आत्या रिकाम्या हाताने बसलेली वकीलबाईने जन्मात कधी पाहिली नव्हती.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? रडला असता? चालेल, मीही रडलो असतो. पण शनिवारची दुपार होती आणि वकीलबाईने दिलेली मुदत संपत आली होती. ती स्टूल ओढत घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध बसली, आईकडे तोंड करून.

"आई, तुझे केस केवढे आहेत?"

"केवढे म्हणजे? मानेपर्यंत."

"अंबाडा होतो?"

"नाही होत."

"मग तुझी टोपी बारा तास कशी टिकते?"

आईने चहाचा कप खाली ठेवला. नर्सची टोपी म्हणजे कडक खळीचा कापडी तुकडा. ती केसांवर नुसती ठेवलेली असते. पळापळीत, वाकताना, रोग्याला उचलताना ती पडत नाही, कारण तिला एक युक्ती असते. आईला ती कामाच्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या नर्सने शिकवली होती.

"आधी बारीक फीत बांधायची," आई हळूहळू म्हणाली. "कानामागून, केसांच्या खालून. मग टोपी केसांना नाही लावायची, फितीला लावायची. चिमटे आडवे-उभे, एकमेकांवर फुली करून."

"फीत आत्याकडे आहे," वकीलबाई म्हणाली. "चिमटे तुझ्याकडे आहेत. डोकं माझ्याकडे आहे."

आत्या खिडकीबाहेरच पाहत होती.

"आत्या, मला कारण मिळालंय."

आता आत्याने मान वळवली. "कोणतं?"

"अजून पूर्ण नाही मिळालं. फुलवाली मावशी म्हणते तोंड बंद होतं, कंडक्टरबाई म्हणते बाजूचं दिसत नाही, आणि शाळामास्तरीणबाई म्हणतात नुसती खाज सुटते. मला कोणतं होतं ते घेतल्याशिवाय कळणार नाही. म्हणून घेणार. पुढच्या वेळी घेईन की नाही ते पुढच्या वेळी. पण तू पहाटे गेलीस तर सांगू कुणाला?"

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग डब्यातून पांढरी फीत काढली. उठली, स्टुलापाशी आली. कात्रीच्या टोकाने तिने फणीचे टाके एकेक करून उसवले. स्वतःचे टाके उसवणं किती अवघड असतं, ते शिवणाऱ्यालाच विचारा.

"फीत फार घट्ट नको," आई म्हणाली.

"मला शिकवू नकोस. फिती बांधत माझा जन्म गेला."

"आणि माझा चिमट्यांत गेला. बोट काढा तिथून."

"हं, टोचेल तिला."

"फुली केली की टोचत नाही, ताई. बघा इथे."

आत्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरं आहे हे," ती म्हणाली. आत्याच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे इतरांच्या तोंडून टाळ्या.

वकीलबाईने मान डावीकडे हलवली. उजवीकडे हलवली. उडी मारली. ओढणी होती तिथेच.

रविवारी सकाळी घरातले चौघे चर्चच्या दाराशी पोचले तेव्हा तिथे गोंधळ उडाला होता. विसरलात का? उवा सगळ्या वर्गात झाल्या होत्या, आणि कम्युनियनच्या मुली त्याच वर्गातल्या. पायऱ्यांवर सहा मुली उभ्या, सहाही जणींचे केस कानापर्यंत कापलेले, आणि पाच जणी डोक्यावर हात दाबून. हात काढला की ओढणी खाली. एकीच्या आईने तर गोंदाची बाटली पिशवीतून काढली होती. सिस्टर म्हणत होत्या, "नको हो, नको, केस पुन्हा कापावे लागतील!"

वकीलबाईने आईच्या पर्सकडे पाहिलं. मग आत्याच्या पिशवीकडे.

"एकेक करून या," ती पायरीवर चढून म्हणाली. "ढकलाढकली नको. आधी फीत, मग चिमटे. आत्या, तू सुरू कर."

"ऐकलंस का, मला हुकूम देतेय," आत्या आईला म्हणाली, पण फीत कापायला लागलीसुद्धा. आत्या बांधायची, आई फुली मारायची. पहिल्या डोक्याला वेळ लागला. तिसऱ्या डोक्यापासून दोघींना एकमेकींना काही सांगावं लागलं नाही. एकीने हात पुढे केला की दुसरी चिमटा ठेवायची. गोंदवाली आई तोंडात बोट घालून पाहत राहिली.

सहावी मुलगी मात्र रांगेत नव्हती. तिच्या हातात ओढणी नव्हतीच. वकीलबाई तिच्यापाशी गेली. "हवीये का? दाराशी टोपलीत आहेत जास्तीच्या."

"नको," ती मुलगी म्हणाली. "आम्ही नाही घेत."

"बरं. मग माझ्या शेजारी चल. मला बाजूचं दिसत नाही, तू सांग कुठे वळायचं."

घंटा झाली. मुलं दोघा-दोघांच्या रांगेने आत गेली. वकीलबाईला जाळीच्या कडेतून फक्त समोरचं दिसत होतं. मेणबत्त्या, पांढरं कापड, आणि फादर, जे आज बागेतल्यापेक्षा उंच वाटत होते. शेजारची मुलगी कुजबुजली, "आता उजवीकडे." ती उजवीकडे वळली. तिची पाळी आली. फादर बोलले, ती "आमेन" म्हणाली, आणि भाकर जिभेवर आली. पातळ, कोरडी, लगेच विरघळणारी.

तिला खाज सुटली नाही. तोंड मात्र बंद होतं, आणि ते तिने बंद केलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं.

आता सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे आपल्या बाकावर परतायचं. बाकाच्या पलीकडच्या टोकाला बाबा होते. मग आई, डोकं मोकळं. मग वकीलबाईएवढी रिकामी जागा. मग आत्या, काळी ओढणी. दोघींनी ती जागा तिच्यासाठी राखली होती, नेहमीसारखी. आत्याने गुडघे बाजूला घेतले, तिला आत जाता यावं म्हणून.

वकीलबाई थांबली. आत गेली नाही. आत्याच्या कोपराला तिने एक बोट लावलं आणि हळूच ढकललं, सरक म्हणून. आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग ती सरकली, आईच्या अगदी शेजारी. वकीलबाई बाकाच्या अलीकडच्या टोकाला बसली, हात जोडले, आणि जाळीतून जेवढं समोर दिसत होतं तेवढंच पाहत राहिली.